दुचाकी घरच्या घरी – लेखांक ६ : इंजिन ऑइल

मागच्या आठवड्यात चेनचा ताण कसा बघायचा ते पाहिलं. आज इंजिन ऑइल. पाना हातात घेण्याआधी बाटली नीट निवडायला हवी, म्हणून सुरुवात तिथून.

चारचाकीत इंजिनाचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. आपल्या बहुतेक मोटरसायकलींत एकच ऑइल पिस्टन, गिअरचे दाते आणि क्लच प्लेटा सगळ्यांना पुरवायचं असतं. प्लेटा त्यात भिजूनच काम करतात. म्हणून घरात उरलेलं कारचं ऑइल बाइकमध्ये ओतू नका. त्यातल्या पुष्कळ ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात आणि क्लचचं तर सगळं काम घर्षणावर चालतं. प्लेटा घसरू लागल्या की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी वेग घेत नाही. बाटलीवर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ छापलेलं आहे ना, ते बघा. ‘एमबी’ हे कोरड्या क्लचच्या, बिनगिअरच्या स्कूटरसाठी. ‘१०डब्ल्यू३०’सारखा आकडा पुस्तिकेत असेल तोच घ्या. दाट ऑइल म्हणजे चांगलं ऑइल ही समजूत सोडून द्या. सकाळी गार इंजिनात दाट ऑइल वरपर्यंत पोचायलाच वेळ घेतं.

आता काम. इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करा. कोमट ऑइल भराभर उतरतं, तळाचा गाळही सोबत आणतं. लांबून आल्या आल्या मात्र हात घालू नका, भाजेल. गाडी मधल्या स्टँडवर, खाली पसरट घमेलं, आणि आधी वरची डिपस्टिक सैल करा.

मग ड्रेन बोल्ट. १००-१२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना १७ नंबर लागतो. रिंग पानाच वापरा, उघड्या तोंडाच्या पान्याने बोल्टचे कोपरे झिजतात. बोल्टचं डोकं जमिनीकडे असतं, त्यामुळे वरून वाकून बघताना दिशा उलटी भासते आणि सोडवायच्या ऐवजी आवळलाच जातो. बोल्ट पोलादाचा, इंजिनाचं कवच ॲल्युमिनियमचं. जोर केला तर आटे कवचाचे जातात आणि पन्नास-शंभर रुपये वाचवायला निघालेला माणूस मोठ्या खर्चात पडतो. परत बसवताना वॉशर नवा घाला. पहिले तीन-चार आटे पान्याशिवाय, बोटांनीच फिरवा. कुठे अडला तर काढून पुन्हा सरळ लावा. शेवटी पाना आखूड धरून आवळा आणि थांबा. लांब दांडा किंवा पाइप लावून ताकद लावण्याची ही जागा नव्हे.

घरी ऑइल बदलायचं ते मला विचाराल तर मुख्यतः यासाठी, की उतरलेलं ऑइल स्वतःला बघता येतं. काळं आहे म्हणून घाबरू नका. काजळी धरून ठेवणं हे ऑइलातल्या रसायनांचं कामच आहे. दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र आत पाणी आहे. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी काढली असेल तर हे होतं. अशा वेळी नवं ऑइल थोडंसं चालवून तेही काढून टाकावं लागतं. बोटावर चोळून बघताना खरखरीत कण किंवा चकाकणारे तुकडे लागले तर गाडी मेकॅनिककडे न्या.

कागदी फिल्टर असेल तर तोही बदला. स्प्लेंडरसारख्या गाडीत त्याऐवजी जाळी असते. पुस्तिकेतल्या मापापेक्षा थोडं कमी ओता, दोन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून थोडं थांबा, मग पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिक नुसती टेकवून बघायची असते, आटे फिरवून नव्हे. जास्त झालेलं ऑइल फेसाळतं, तेव्हा वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका.

उरलं जळकं ऑइल. गावाकडे ते कुंपणाच्या खांबांना, शटरिंगच्या फळ्यांना सर्रास फासतात. पाऊस पडला की ते मातीत उतरतं, पुढे विहिरीतही जाऊ शकतं. वारंवार कातडीला लागणंही घातक, म्हणून हातमोजे घाला. २०१६च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं आणि १ एप्रिल २०२४पासून ते गोळा होऊन पुन्हा शुद्ध व्हावं ही जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. कोरड्या कॅनमध्ये भरा, त्यात पेट्रोल किंवा ब्रेक ऑइल मिसळू नका, आणि ज्या गॅरेजमध्ये जळक्या ऑइलचा पिंप असतो तिथे, ते पुढे अधिकृत पुनर्प्रक्रियेला जातं का हे विचारून, नेऊन द्या.

पुढच्या आठवड्यात : एअर फिल्टर.