भूतदयेची दुसरी बाजू

पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. परंतु रस्त्यावर कण्हणारे पिल्लू पाहून हळहळणारे पुष्कळ, ते उचलून घरी नेणारे थोडे. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध १८३२ साली मुंबईत पारशी समाजाने दंगा केला. तो प्रश्न आजही मिटलेला नाही. हत्येऐवजी निर्बीजीकरण व लसीकरण हा मार्ग २००१ च्या नियमांनी घालून दिला आणि २०२३ च्या नियमांनी कायम ठेवला. तथापि सारा भार नगरपालिकांवर टाकून नागरिकांना मोकळे होता येणार नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी क्वचितच वाचतो. म्हणून नुसते शिळे तुकडे टाकणे ही दया नव्हे. पिल्लू आणणाऱ्याने ते पशुवैद्याला दाखवावे, तीन महिन्यांचे होताच त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी, ती वेळोवेळी पुन्हा द्यावी आणि योग्य वयात निर्बीजीकरण करावे. हौसेखातर विलायती कुत्रे विकत घेऊन पुढे कंटाळून सोडून देणाऱ्या धनिकापेक्षा असे करणारा सामान्य कारकून समाजाची अधिक सेवा करतो. हळहळ क्षणाची असते. पत्करलेली जबाबदारी दहा-बारा वर्षांची असते.