गोळाफेकीत दुसऱ्या हाताचे काम काय?

४ सप्टेंबर २०२४. पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये सचिन खिलारी यांचा गोळा १६.३२ मीटरवर पडला आणि रौप्यपदक आटपाडी तालुक्यातल्या करगणीत आले. सुवर्ण जिंकलेल्या कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टची फेक होती १६.३८ मीटर. फरक सहा सेंटिमीटर!

एवढी लांब फेक करायला सहा किलोचा गोळा हातातून सुटताना सेकंदाला साधारण १२ मीटर वेगाने जावा लागतो. म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. गणित मांडले, तर ते सहा सेंटिमीटर भरून काढायला हा वेग फक्त ०.२ टक्क्यांनी वाढायला हवा होता.

खिलारी उजव्या हाताने गोळा फेकतात. लहानपणी सायकलवरून पडून त्यांचा डावा हात मोडला, पुढे त्यात गँगरीन झाले आणि त्या हाताचे स्नायू कायमचे कमजोर झाले. गोळा तर उजव्या हातात असतो. मग डाव्याचे काय अडते?

बरेच अडते. फेकीच्या आधी डावा हात बाहेर झोकला जातो, त्यामुळे छाती ताणली जाते. पुढच्या क्षणी तोच हात अंगाशी येतो, डावा पाय रोवला जातो आणि डावी बाजू जागच्या जागी थांबते. एसटीने कचकन ब्रेक मारला की उभा प्रवासी पुढे फेकला जातो ना, तशी शरीराची उजवी बाजू आणि तिच्याबरोबर गोळा पुढे झेपावतो. डावा हात अशक्त असेल, तर हा ‘ब्रेक’ पाय, कंबर आणि पोटाच्या स्नायूंना लावावा लागतो.

धावतानाही हात शोभेला नसतात. पाय पुढे-मागे जाताना कंबर वळते, तो पीळ हातांच्या उलट झोक्याने फिटतो. माणदेशाच्याच साताऱ्याकडच्या अंगाला असलेल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावल्या, तेव्हा त्यांचे दोन्ही हात हे काम करत होते. नाशिक जिल्ह्यातल्या दिलीप गावित यांचा एक हात नाही. तरी हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी ४०० मीटर ४९.४८ सेकंदांत धावून सुवर्ण घेतले. तिथे तो पीळ धडालाच जास्त सोसावा लागतो. एका पायाला कार्बन फायबरचे ब्लेड लावून धावणाऱ्यांचे दुखणेही असमतोलाचेच. वेगात धावताना ब्लेडचा पाय जमिनीवर देतो तो रेटा चांगल्या पायापेक्षा सुमारे ९ टक्के कमी भरतो, असे प्रयोगांत दिसले आहे.

पदकाच्या कौतुकात एक गोष्ट मागे पडते. सायकलवरून, झाडावरून पडून हात मोडलेली मुले आपल्याकडे घरोघरी आहेत. कामट्या लावून घट्ट आवळून बांधण्याची पद्धतही अजून गेलेली नाही. आत सूज वाढते, वरून पट्टी आवळलेली, आणि स्नायूंचा रक्तपुरवठा कोंडतो. प्लास्टरखालीही असे होऊ शकते. औषध देऊनही दुखणे वाढत जाणे, बोटे हलकेच सरळ केली तरी मूल कळवळणे, मुंग्या येणे, बोटे गार किंवा निळसर पडणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. रात्री असेल तर रात्रीच, शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रक्त न मिळालेला स्नायू साधारण सहा तासांनंतर वाचवणे कठीण असते.