‘ये’ म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा

“दिवाळीला साऱ्यांची मुलं घरी येतात, आमचाच तेवढा येत नाही.”

मैत्रिणींनो, हे वाक्य हळदीकुंकवाला, भिशीला, नाहीतर भाजी घेता घेता तुमच्या कानावर पडलं असेलच. कदाचित तुम्ही स्वतःही म्हटलं असेल. चंद्रपूरचं ऊर्जानगर घ्या, बल्लारपूर घ्या की गडचिरोली घ्या, आपल्या या जंगलपट्टीतूनही आता मुलं-मुली अमेरिका-कॅनडाला पोचली आहेत. पूर्वी नागपूरला शिकायला गेलेला मुलगा शनिवारी एस. टी. धरून घरी यायचा. आताचा मुलगा फोनवर म्हणतो, “आई, कार्ड यायचं आहे गं, आत्ता निघता येत नाही.” आणि फोन ठेवल्यावर आपण म्हणतो, “बदलला हो!”

मीही म्हटलं होतं. पुढं जे झालं ते आमच्याच घरचं आहे, म्हणून सांगते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात

२०२२ चा मे महिना. आपल्याकडचं ते ऊन काय सांगावं! गडचिरोलीला माझ्या मोठ्या भाऊजींना शनिवारी रात्री अर्धांगाचा झटका आला. तशीच गाडी करून नागपूरला नेलं. रविवारी पहाटे जाऊबाईंनी पहिला फोन केला तो अमेरिकेतल्या मुलाला. हा माझा पुतण्या तिकडे शिकायला गेला आणि तिथंच जन्मलेल्या एका मराठी मुलीशी त्यानं लग्न केलं. बायको तिथली नागरिक, म्हणून त्यानं कायम रहिवासाच्या कार्डासाठी, म्हणजे ग्रीन कार्डासाठी, अर्ज केला होता. अर्जाला जेमतेम तीन महिने झाले होते.

तो म्हणाला, “निघतोच.” मागून सूनबाईचा आवाज आला, “थांब. परवानगीचा कागद आलेला नाही. असाच गेलास तर अर्ज निकालात निघेल.”

फोन स्पीकरवर होता. झालं! व्हरांड्यात बसल्या बसल्या आम्ही चार बायकांनी त्या पोरीचा निवाडा करून टाकला. जाऊबाई म्हणाल्या, “काऊन गा, बापापेक्षा कार्ड मोठं झालं काय?” मीही मान डोलावली.

ती पोर बरोबर बोलत होती, हे मला फार उशिरा कळलं.

अडतं ते कुठं?

अमेरिकेचं हे कार्ड मुख्यतः दोन वाटांनी मिळतं, नात्याच्या आणि नोकरीच्या. नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला नंबर लावावा लागत नाही, कागदपत्रांची छाननी तेवढी होते. नोकरीची रांग मात्र लांबलचक. १९९० च्या कायद्यानं वर्षाला सुमारे १,४०,००० कार्डं नोकरीवाल्यांसाठी ठेवली. त्यातच त्यांच्या बायका-मुलांचीही गणती. शिवाय कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून जास्त जाऊ नयेत, असाही नियम. देश भारताएवढा असो की टीचभर, मर्यादा तीच. म्हणून आपली मुलं दहा-दहा वर्षांहून अधिक काळ ताटकळतात. लेक “अजून नाही” म्हणते ती टाळाटाळ नसते.

या वाट बघण्याचे तीन टप्पे असतात, आणि प्रत्येक टप्प्यावर घरी येण्याचा नियम वेगळा.

पहिला टप्पा: शेवटचा अर्ज अजून भरलेला नाही, नंबरची वाट बघणं चालू आहे, आणि मुलगा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. तो भारतात येऊ शकतो. पण पासपोर्टातल्या व्हिसाची मुदत सरली असेल, तर परत जाण्याआधी वकिलातीचा नवा शिक्का घ्यावा लागतो. तो वेळेवर मिळाला नाही की नोकरी तिकडे आणि माणूस इकडे. २०२० च्या मार्चमध्ये वकिलातींची कामं बंद पडली तेव्हा असे कितीतरी जण अडकले. २०२५ च्या डिसेंबरात तपासणी वाढली, भारतातल्या मुलाखती महिनोन्‌महिने पुढं गेल्या, आणि सुटीला आलेली मुलं पुन्हा अडकली.

दुसरा टप्पा सगळ्यात नाजूक. शेवटचा अर्ज, ज्याला तिकडे आय-४८५ म्हणतात, तो भरला आहे. निकाल यायचा आहे. अशा वेळी ‘अॅडव्हान्स पॅरोल’ नावाची आगाऊ परवानगी न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं, तर “यानं अर्ज सोडून दिला” असं सरकार धरतं. एच-१बी किंवा एल-१ व्हिसावर असलेल्यांना, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या नवरा-बायको-मुलांना, व्हिसा चालू असेल तर यातून सूट आहे. विद्यार्थी म्हणून गेलेल्याला मात्र ती नाही. माझा पुतण्या नेमका त्यातच बसत होता.

तिसरा टप्पा: कार्ड मंजूर झालं, पण टपालानं घरी यायचं आहे. तेव्हा तिथल्या कार्यालयातून पासपोर्टावर तात्पुरता शिक्का घेता येतो. तो कार्डासारखाच चालतो.

‘पॅरोल’ शब्द ऐकून जाऊबाई दचकल्या होत्या. “पॅरोल? माझ्या पोट्ट्यानं खून केला काय?” मैत्रिणींनो, तसं काही नाही. ‘बाहेर जाऊन परत आलास तर दारात उभा करू’, एवढाच त्याचा अर्थ. आत घ्यायचं की नाही, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. म्हणजे कागद हातात असूनही धाकधूक उरतेच.

हे आपल्याला नवीन नाही

हक्क मान्य झाला आणि पास मात्र नाही, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला चांगली ठाऊक आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. पण वाहतुकीचा पास वनखात्याच्या हातात, आणि पासाशिवाय बांबू गावाबाहेर जाणार कसा? शेवटी २०११ च्या एप्रिलमध्ये, तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत, पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तेव्हा कुठं बांबू हलला. मी जाऊबाईंना हेच सांगितलं तेव्हा त्यांना पटकन उमगलं. अर्ज करणं वेगळं, ये-जा करण्याचा पास वेगळा.

ते दोन दिवस

आता आमच्या घरी काय झालं ते पुढं ऐका. अशा संकटात तिकडचं कार्यालय तातडीनं परवानगी देऊ शकतं. पण पुरावा लागतो. पुतण्यानं रविवारीच कळवलं, “दवाखान्याचं पत्र पाठवा.” आम्ही औषधाच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. तो म्हणाला, “हे चालणार नाही. इंग्रजीत, छापील लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हवं.” आमचा गोंधळ असा, की पत्र मागायचं कुणाकडे, त्यात लिहायचं काय, हेच कुणाला माहीत नाही. वर जाऊबाईंचं एकच, “मी बोलावते ते पुरे नाही काय? पत्र कशाला?” त्या रुसव्यात आणि धावपळीत पत्र हातात पडलं ते मंगळवारी.

बुधवारी त्याला कार्यालयात बोलावलं आणि त्याच दिवशी कागद दिला. त्याच रात्री तो विमानात बसला. शुक्रवारी रात्री नागपूरला उतरला. भाऊजी गुरुवारी गेले होते. वैनगंगेच्या काठावर पुतणीनं अग्नी दिला.

रविवारी पत्र मिळालं असतं, तर तो बुधवारी रात्री बापाजवळ असता. ते दोन दिवस कायद्यानं खाल्ले नाहीत की सुनेनं. आम्हीच घालवले.

तुम्ही एवढं करून ठेवा

हे वाचून घाबरायचं नाही. घरबसल्या करण्यासारखं बरंच आहे.

१. आधी विचारा. “कधी येतोस?” म्हणण्याआधी विचारा, “अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे? परवानगीचा कागद हातात आहे का? कुठल्या तारखेपर्यंत चालतो?” ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुख्य अर्जाबरोबरच आय-१३१ हा परवानगीचा अर्जही भरलेला बरा, कारण नेहमीच्या पद्धतीनं तो यायला महिने लागतात. धाकटीच्या लग्नाचा मुहूर्त काढायच्या आधी भावाच्या कागदाची चौकशी करा, नंतर नको.

२. दवाखान्याचं पत्र कसं हवं ते लिहून ठेवा. रुग्णाचं पासपोर्टाप्रमाणे नाव, मुलाचं नाव आणि नातं, आजार, भरती केल्याची तारीख, प्रकृती गंभीर असल्याचा उल्लेख, डॉक्टरांचं नाव, सही, शिक्का आणि फोन. हा मजकूर इंग्रजीत टाइप करून घरच्या फायलीत असू द्या. ऐन वेळी नावं आणि तारखा तेवढ्या भरायच्या.

३. नात्याचे दाखले बघा. कार्डाच्या अर्जाला जन्मदाखला लागतोच. आपल्याकडे पुष्कळांजवळ फक्त शाळा सोडल्याचा दाखला असतो. मुलाचा जन्मदाखला नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून काढून घ्या. नोंदच सापडली नाही, तर तसं प्रमाणपत्र आणि जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं लागतात. आईच्या नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि मुलाच्या पासपोर्टात दुसरं, असं असेल तर आत्ताच दुरुस्त करा. लेकीचं लग्न झालं असेल तर विवाह नोंदणीही करून घ्या. नुसती पत्रिका आणि फोटो पुरत नाहीत.

४. स्वतःचा पासपोर्ट तयार ठेवा. त्याला येता येत नसेल तर तुम्ही जा! हातपाय धड असतानाच पाहुण्यांचा व्हिसा काढावा. आपल्याला अमेरिकेच्या मुंबईतल्या वकिलातीत, वांद्रे-कुर्ला संकुलात, जाता येतं. बोटांचे ठसे आधी, मुलाखत नंतर, म्हणून दोन दिवसांचा मुक्काम धरा. नागपूरहून विदर्भ एक्सप्रेस सोयीची. मुलाखतीत विचारलं तेवढंच आणि खरं सांगावं. मुलाच्या कार्डाचा अर्ज लपवू नये.

५. बाळंतपणाचा विचार आधी करा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली हौस. लेकीजवळ कार्ड असेल आणि बाळ इथं जन्मलं, तर दोन वर्षांच्या आत, तिच्या पहिल्याच परतीच्या प्रवासात, ती बाळाला व्हिसाशिवाय घेऊन जाऊ शकते. नुसता अर्ज चालू असेल तर ही सोय नाही. म्हणून त्या काळात “माहेरीच ये” असा हट्ट धरू नका.

६. कार्ड मिळाल्यावरही फार दिवस ठेवून घेऊ नका. एका वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलं, तर परत जायला नुसतं कार्ड चालत नाही. तेवढं राहायचं असेल तर पुनर्प्रवेशाचा परवाना तिकडे असतानाच मागावा लागतो.

कॅनडाचं थोडं निराळं आहे. तिथं कायम रहिवासाचा दर्जा मिळाला की तो कार्डाअभावी जात नाही. पण कार्ड नसेल तर विमान कंपनी परतीच्या विमानात बसू देत नाही. मग बाहेरूनच प्रवासाचा वेगळा दस्तऐवज मागवावा लागतो, आणि त्यात वेळ जातो. शिवाय दर पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहिल्याचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून कार्ड हातात आल्यावरच तिकीट काढलेलं बरं.

हे नियम अधूनमधून बदलतात. तेव्हा तिकीट काढण्याआधी मुलांनी तिथल्या जाणकार वकिलाला विचारावं, एवढा आग्रह मात्र तुम्ही जरूर धरा.

आणि सूनबाई?

तेरावी झाल्यावर पुतण्यानं तो कागद जाऊबाईंच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला. “एवढासाच होय?” म्हणाल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी स्वतः सूनबाईला फोन लावला. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात त्या पोरीसाठी जवसाची चटणी आणि तांदळाचे पापड घेऊन त्या अमेरिकेला गेल्या, तीन महिने राहून आल्या.

आता त्यांच्या गोदरेजच्या कपाटात एक निळी फाईल असते. त्यात पासपोर्ट आहे, जन्मदाखले आहेत, डॉक्टरांच्या पत्राचा कोरा मसुदा आहे. गल्लीत कुणी म्हटलं, “आमचा पोट्टा बोलावूनही येत नाही हो,” की जाऊबाई खुर्ची पुढं ओढतात आणि विचारतात, “कागद आला काय त्याचा? नाही? मग त्याच्यावर चिडू नको बाई. बस इथं, तुला फाईल दाखवते.”