खुब्याचे दुखणे, सिकलसेल आणि खडबडीत धातू

बांधकामावर जाणाऱ्या आपल्या भावांना ठाऊक आहे : काँक्रीटचा खांब गुळगुळीत असला तर प्लास्टर धरत नाही. आधी छिन्नीने खाचा पाडाव्या लागतात. शरीरातल्या पेशींचेही असेच आहे.

सिकलसेल हा आनुवंशिक आजार सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात आणि विदर्भात बौद्ध समाजातही आढळतो. आपल्या सोयरिकी विदर्भाशी होतात, म्हणून जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांनीही तो ओळखला पाहिजे. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त मिळेनासे झाले की तो भाग मरतो आणि पुढे खचतो. जांघेत दुखणे, लंगडणे, मांडी घालून बसता न येणे ही त्याची लक्षणे. विशी-तिशीतल्या पोरापोरींनाही हे होते. वाताचे दुखणे समजून तेल चोळत वर्ष घालवू नका. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो. एमआरआयमध्ये दोष लवकर कळतो.

हाड फार खचले तर कृत्रिम खुबा बसवावा लागतो. सिमेंटविना बसवायच्या खुब्याचा हाडाला टेकणारा भाग मुद्दाम खडबडीत, बारीक छिद्रांचा केलेला असतो. ही छिद्रे साधारण १०० ते ४०० मायक्रॉनची असतात. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. हाड तयार करणाऱ्या पेशी अशा जागी घट्ट धरतात आणि छिद्रांत नवे हाड भरतात. गुळगुळीत धातूभोवती मात्र बऱ्याचदा मऊ तंतूंचा पडदा तयार होतो आणि सांधा सैल पडतो. हाड टायटॅनियमला धरते, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांवरील प्रयोगात दिसले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमच्या आधाराने दात बसवले.

पण हाड भरायला वेळ लागतो. सुरुवातीच्या आठवड्यांत धातू आणि हाड यांच्यात १५० मायक्रॉनहून जास्त हालचाल होत राहिली, तर हाडाऐवजी तंतूच वाढतात. म्हणून डॉक्टर सांगतील तितकाच भार पायावर द्या. "आता बरे वाटते" म्हणून वॉकर सोडू नका, कामाला लागू नका. सिकलसेलच्या रुग्णात जंतुसंसर्गाचा आणि सांधा सैल पडण्याचा धोका जास्त असतो. शस्त्रक्रियेआधी सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही आजार स्पष्ट सांगा.

खुबा वाचवणे हे बदलण्यापेक्षा केव्हाही चांगले. पाणी भरपूर प्या, थंडीपासून जपा, डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया दिले असेल तर मनाने बंद करू नका. देशात सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ पासून सुरू आहे. सरकारी दवाखान्यात तपासणीची चौकशी करा; पुढील उपचारांसाठी धुळ्यात आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि सोयरीक ठरवताना दोघांचेही रक्त तपासा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तपासणीत लाज नाही. लपवण्यात मात्र मुलाचे आयुष्यभराचे दुखणे आहे.