पेशवे गेले, पाठशाळा आली!

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या शाळांची नावं सांगा म्हटलं, तर तुमच्यातले पुणेकर पटापट सांगतील. पेरूगेटजवळची भावे स्कूल, ज्ञानप्रबोधिनी आणि अशा किती तरी! पण याच भागात बाजीराव रस्त्यावर एक भलीमोठी जुनी इमारत आहे, तिचं नाव शाळांच्या यादीत कुणीच घेणार नाही. तो आहे विश्रामबागवाडा. सुरूच्या आकाराचे नक्षीदार लाकडी खांब, दरवाज्यावर सुंदर सज्जा. आपण बसमधून जाता जाता तो बघतो आणि विसरतो. या वाड्यात एके काळी शाळा भरायची, आणि तीही साधीसुधी नाही!

दुसऱ्या बाजीराव पेशव्यानं हा वाडा बांधला. काम पुरं झालं १८०७ मध्ये आणि खर्च आला म्हणतात दोन लाख रुपये. त्याला तिथं जेमतेम अकरा वर्षं राहायला मिळालं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव दूर उत्तरेत ब्रह्मावर्ताला गेला आणि वाडा रिकामा झाला.

त्या काळी पुण्यातली मुलं शिकत कुठं? पंतोजींकडे! कुणाच्या ओसरीवर नाहीतर देवळात मुलं जमायची. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, मोडी लिहायची आणि पाढे म्हणायचे. नुसते बे एके बे नाही हं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी! पावकी म्हणजे पावाचा पाढा आणि दिडकी म्हणजे दीडचा. (आमच्या वर्गात मी एकदा दिडकी म्हणायला सांगितली, तर सगळे कॅल्क्युलेटर शोधायला लागले!) वेद आणि शास्त्रं शिकायची ती शास्त्रीबुवांच्या घरी.

या विद्वानांसाठी पेशवे दरवर्षी श्रावणात दक्षिणा वाटत. ही चाल सरदार खंडेराव दाभाड्यांनी सुरू केली होती, ती पुढं पेशव्यांनी चालवली. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता. तिथं लांबलांबून ब्राह्मण येत आणि एकेकाला दक्षिणा मिळे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांपुढं प्रश्न पडला. दक्षिणा एकदम बंद केली तर लोक चिडणार, आणि चालू ठेवली तर पैसा जाणार. एल्फिन्स्टन साहेबानं मधली वाट काढली. दक्षिणा कमी केली आणि त्यातला काही पैसा शिक्षणाकडे वळवला. ६ ऑक्टोबर १८२१ या दिवशी चॅप्लिन नावाच्या कमिशनरनं विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. तिला ‘हिंदू कॉलेज’ही म्हणत.

तिथं व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, ज्योतिष, वेदान्त, अलंकार, वैद्यक असे विषय होते. शिकवायला मोठमोठे शास्त्री होते. शिष्यांना दरमहा विद्यावेतनही मिळे. म्हणजे फी भरायची नाही, उलट पैसे घ्यायचे! पण थांबा, इतक्यात हुरळून जाऊ नका. ही पाठशाळा फक्त ब्राह्मण मुलांसाठी होती. माळ्याच्या, कुणब्याच्या, शिंप्याच्या मुलाला तिथं जागा नव्हती. महार-मांगांच्या मुलांची तर गोष्टच सोडा. आणि मुली? कुठल्याही घरची मुलगी असो, तिनं शिकावं हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पैसा मात्र सरकारी खजिन्यातून येत होता, म्हणजे शेतात राबणाऱ्यांच्या साऱ्यातूनच. मला विचाराल तर या वाड्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच. हे दार कुणासाठी?

१८३७ मध्ये पाठशाळेत मोठे बदल झाले. काही जुने विषय गळाले, मराठी आणि इंग्रजी शिकवायला सुरुवात झाली आणि दार सर्व जातींना खुलं करायचं ठरलं. पाठशाळेच्या देखरेखीचं काम मेजर थॉमस कँडी या साहेबाकडे आलं. तुम्ही निबंधात पूर्णविराम, स्वल्पविराम विसरता आणि बाईंकडून लाल रेघा मिळवता ना? मराठीत ही विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय या कँडीसाहेबांनाच देतात. मोल्सवर्थच्या प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातही त्यांचा हात होता. १८५१ मध्ये पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून ‘पूना कॉलेज’ झालं.

पण कागदावर दार उघडणं वेगळं आणि खरोखर आत पाऊल पडणं वेगळं. वाड्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. लोकांनी सावित्रीबाईंवर शेण फेकलं, दगड मारले, हे तुम्ही पुस्तकात वाचलंच असेल. १८४९ मध्ये दक्षिणेवरूनही मोठा वाद झाला. लोकहितवादी आणि काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशातून चांगल्या मराठी पुस्तकांना बक्षिसं द्या. सनातनी मंडळी इतकी खवळली, की अर्ज देणाऱ्यांना मार बसतो की काय अशी वेळ आली. तेव्हा जोतीराव सुमारे दोनशे माणसं घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. दुसऱ्यांचा अर्ज आणि जोतीरावांची माणसं!

आता पुढची तारीख नीट लक्षात ठेवा. १६ नोव्हेंबर १८५२. त्या दिवशी विश्रामबागवाड्यात समारंभ झाला आणि मेजर कँडींनी सरकारतर्फे जोतीराव फुल्यांचा शालजोडी देऊन सत्कार केला. जिथं माळ्याच्या मुलाला विद्यार्थी म्हणून बसता आलं नसतं, तिथं एका माळ्याच्या मुलाचा शिक्षक म्हणून मान झाला, तोही अवघ्या पंचविसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत फुल्यांच्या शाळांतल्या मुलींची जाहीर परीक्षा याच पूना कॉलेजात झाली. दोनशेहून जास्त मुली होत्या आणि त्यांना बघायला तीन हजारांच्या आसपास माणसं जमली. कल्पना करा, तुमची तोंडी परीक्षा आणि समोर तीन हजार लोक! त्या छोट्या मुलींच्या पोटात किती मोठा गोळा आला असेल! आणि शेवटी, त्या दारातून मुली आत गेल्याच की!

१८६४ मध्ये कॉलेजचं नाव ‘डेक्कन कॉलेज’ झालं. १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या दगडी इमारतीत गेलं. जमशेटजी जीजीभाईंनी त्यासाठी मोठी देणगी दिली होती. टिळक-आगरकरांची दोस्ती जमली ती तिथंच. वाड्यात मग सरकारी हायस्कूल भरू लागलं. १८७९ च्या मे महिन्यात एका रात्री बुधवारवाडा पेटला आणि विश्रामबागलाही आग लागली. तेव्हा वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड चालू होतं, त्यामुळं सरकारला पहिला संशय त्यांच्या माणसांचाच आला. आणि गंमत बघा, आज जी भावे स्कूल आहे ती संस्था १८६० ची, ‘पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन’. तिच्या संस्थापकांत वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर याच फडक्यांचं नाव घेतात!

विश्रामबागवाडा दुरुस्त झाला, त्यासाठी लोकांनी वर्गणी दिली. पुढं १९३० पासून बरीच वर्षं तिथं पुण्याची नगरपालिका, मग महानगरपालिका होती. भिडेवाडा मात्र राहिला नाही. तो मोडकळीला आला होता. स्मारक बांधण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो उतरवला.

आणि त्या जुन्या पाठशाळेच्या संस्कृतचं काय झालं? ते गेलं नाही. डेक्कन कॉलेज मध्यंतरी १९३४ मध्ये बंद पडलं आणि १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं. तिथं १९४८ मध्ये संस्कृतचा एक प्रचंड कोश करायला घेतला. सुमारे दीड हजार ग्रंथांतले शब्द चिठ्ठ्यांवर उतरवले. त्या चिठ्ठ्या लोखंडी कपाटांतून नीट लावून ठेवल्या आहेत. हे काम करणाऱ्यांत बायकाही आहेत आणि पुरुषही, कुणी जात विचारत नाही. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. नंतर खंडामागून खंड निघत गेले. पस्तीस खंड झाले तेव्हा त्यांचं कुठलं अक्षर चालू होतं, सांगा बघू?

अजून ‘अ’!