मनीमाऊच्या ताटलीत कच्चं मांस वाढावं का?

मुलांनो, 'मांजर काय खातं?' असं कुणी विचारलं, तर आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता बाहेर पडतो? 'दूध!' मग 'दूध-पोळी'. उंदराचा नंबर लागतो तो तिसरा. गंमत म्हणजे मांजराला विचारता आलं असतं, तर त्याने ही यादी खालून वर वाचली असती!

अलीकडे या यादीत एका नव्या पदार्थाची भर पडली आहे. सुक्या दाण्यांच्या पिशव्या आणि ओल्या खाण्याची पाकिटं तुम्ही दुकानात पाहिली असतील. हे सगळं शिजवलेलं असतं. पण आता काही कंपन्या मांजरांसाठी कच्च्या मांसाचं तयार खाणं विकतात. कधी ते बर्फासारखं गोठवलेलं असतं, तर कधी गोठवून त्यातलं पाणी काढून टाकलेले कोरडे तुकडे असतात. परदेशात हे बरीच वर्षं चाललं आहे. आपल्याकडेही मोठ्या शहरांत ते मिळू लागलं आहे. मग नाशिकच्या एखाद्या घरातही प्रश्न निघतो, "वाघ कुठे कुकर लावतो? मग आपल्या मनीला शिजवून कशाला घालायचं? आणूया का एक पाकीट?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर मात्र घाईने द्यायचं नाही. आधी मनीच्या पोटात डोकावून पाहू.

वाघाची मावशी

मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो, ते उगाच नाही. २०१३ साली शास्त्रज्ञांनी वाघाचा जनुकांचा नकाशा वाचला, तेव्हा तो मांजराच्या नकाशाशी शेकडा ९५ हून जास्त जुळला. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात दडणारा बिबट्या आणि तुमच्या ओट्यावर झोपलेली मनी एकाच मोठ्या कुटुंबातले.

मनीने जांभई दिली की तिचे दात बघा. मोठ्या मांजराला ३० दात असतात. दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या. पोळी चावताना आपण जबडा थोडा आडवाही फिरवतो. मांजराला ते जमत नाही. त्याचा जबडा फक्त वरखाली होतो. म्हणजे ते दळत नाही, कापतं. आणखी एक गंमत ऐका. मांजराला गोड चव कळतच नाही! गोड चव ओळखायला लागणारं एक जनुक मांजरांमध्ये निकामी झालेलं आहे, असं २००५ साली लक्षात आलं. म्हणजे तुमच्या पेढ्यावर मनीने तोंड घातलं, तर ते खव्यासाठी, साखरेसाठी नव्हे.

आणि दूध? आईचं दूध सुटल्यावर बऱ्याच मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. काहींना त्याने जुलाब होतात. म्हणून दूध-पोळीवर मांजर जगवणं म्हणजे त्याला अर्धपोटी ठेवणं.

बैलाच्या नावाचा पदार्थ

मांजराला मांस लागतं, त्याचं एक मोठं कारण आहे टॉरिन. १८२७ साली टिडेमान आणि ग्मेलिन या दोन जर्मन शास्त्रज्ञांना तो बैलाच्या पित्तात सापडला. लॅटिनमध्ये बैलाला 'टॉरस' म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. माणसाचं शरीर टॉरिन तयार करू शकतं. मांजराच्या शरीरात तो पुरेसा तयार होत नाही. तो मांस आणि मासळीतूनच मिळवावा लागतो. भाजीपाल्यात आणि धान्यात तो जवळजवळ नसतोच.

तो कमी पडला तर काय होतं? अमेरिकेतल्या संशोधकांनी १९७५ साली दाखवलं, की मांजराच्या डोळ्यातला पडदा खराब होतो आणि ते आंधळं होऊ शकतं. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॉल पायन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट शोधली. हृदय कमजोर होऊन मरणाऱ्या अनेक मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होता. ही मांजरं उपाशी नव्हती, बरं का! चांगलं, विकत मिळणारं तयार खाणं खात होती. त्यांना टॉरिन दिल्यावर त्यांची हृदयं सुधारू लागली. मग कंपन्यांनी आपल्या खाण्यातला टॉरिन वाढवला. पाकिटावर सुंदर मांजराचं चित्र आहे म्हणून आतलं खाणं पूर्ण असतंच असं नाही, हा धडा तेव्हा मिळाला.

कच्च्याची गोष्ट सुरू झाली कुठे?

फ्रान्सिस पॉटेंजर नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. १९३२ ते १९४२ या काळात त्यांनी शेकडो मांजरांवर प्रयोग केले. काहींना कच्चं मांस, काहींना शिजवलेलं. शिजवलेलं खाणारी मांजरं आजारी पडू लागली, त्यांची पिल्लं अशक्त निघाली. झालं! 'कच्चं तेच चांगलं' असा निष्कर्ष लोकांनी काढला. पण मांजराला टॉरिन हवाच, हे त्या काळी माहीतच नव्हतं. शिजवताना तो कमी झाला असावा, असं आजचे शास्त्रज्ञ म्हणतात. पुढे १९९३ साली ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी कुत्र्यांना कच्चं मांस आणि हाडं द्यावीत असं सांगणारं पुस्तक लिहिलं, आणि ही कल्पना जगभर पसरली.

आता नीट विचार करा. रानातलं मांजर उंदीर खातं, तेव्हा काय काय खातं? मांस तर खातंच, शिवाय हाडं, काळीज, यकृत, आतडी, सगळं! उंदीर म्हणजे त्याचं भरलेलं ताट. मांसातून प्रथिनं, हाडांतून कॅल्शियम, यकृतातून जीवनसत्त्वं. आपण मात्र बाजारातून नुसता खिमा आणून घातला, तर तो कच्चा असो की शिजवलेला, ताटातली एकच वाटी भरली. नुसत्या मांसात कॅल्शियम फार थोडं असतं. वाढत्या पिल्लाला महिनोन्‌महिने तेवढंच दिलं, तर त्याची हाडं ठिसूळ होतात आणि साध्या उडीनेही मोडू शकतात.

म्हणजे उंदराचं रहस्य 'कच्चं' असण्यात नाही, 'पूर्ण' असण्यात आहे. चांगल्या कंपन्या कच्च्या खाण्यात हाडाचा चुरा, यकृत, जीवनसत्त्वं घालून हे ताट भरायचा प्रयत्न करतात, हे खरं. पण कच्चेपणाबरोबर आणखी कुणीतरी ताटात येऊन बसतं. ते कोण, हे कळायला आपल्याला नागपूरला जावं लागेल.

गोरेवाड्यात काय झालं?

नागपूरच्या गोरेवाडा इथल्या बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये उत्तर आलं: बर्ड फ्लू, म्हणजे एच५एन१ विषाणू. हा मुळात पक्ष्यांचा रोग. मग तो वाघाला कसा झाला? रोगी पक्षी किंवा त्याचं कच्चं मांस पोटात गेलं असावं, असा संशय घेतला गेला. त्याच जानेवारीत नागपूरच्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात पाळीव मांजरांमध्येही हा विषाणू सापडला.

थायलंडमध्ये तर याआधीच मोठा हाहाकार झाला होता. ऑक्टोबर २००४ मध्ये श्रीराचा इथल्या प्राणिसंग्रहालयात ४४१ वाघ होते. त्यांना कोंबड्यांचं कच्चं मांस घातलं जात होतं. त्यातले १४७ वाघ रोगाने मेले किंवा साथ थांबवण्यासाठी त्यांना मारावं लागलं.

"पण हे झालं वाघांचं. पाकिटातलं मांस तर तपासलेलं असेल ना?" असं तुम्ही विचाराल. तर मग अमेरिकेतली गोष्ट ऐका. डिसेंबर २०२४ मध्ये ओरेगन राज्यात एक पाळीव मांजर बर्ड फ्लूने मेलं. ते कधीही घराबाहेर जात नसे. ते नॉर्थवेस्ट नॅचरल्स या कंपनीचं, टर्की पक्ष्याच्या कच्च्या मांसाचं गोठवलेलं खाणं खात होतं. मांजराच्या शरीरातला विषाणू आणि खाण्यातला विषाणू तपासले, तर दोन्ही तंतोतंत एक निघाले! कंपनीने तो माल बाजारातून परत मागवला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने कच्चं मांस वापरणाऱ्या कंपन्यांना, या विषाणूचा धोका धरून आपली सुरक्षेची व्यवस्था पुन्हा तपासायला लावली.

आपल्या भागाला हा रोग अनोळखी नाही. भारतातली बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आली होती. नवापूर आपल्याच नाशिक विभागात येतं. म्हणून घाबरायचं का? मुळीच नाही. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला शिजलं, की हा विषाणू मरतो. आपल्या घरचा साधा कुकर त्याला पुरेसा आहे!

बर्फात जंतू मरतात का?

पुष्कळांना वाटतं, गोठवलं की जंतू संपले. तसं नसतं. बर्फात बरेचसे जंतू झोपी जातात, एवढंच. ऊब मिळाली की जागे होतात. एप्रिल-मे महिन्यातला नाशिकचा उन्हाळा आठवा. त्यात दुपारी दोन तास वीज गेली आणि पाकीट वितळलं, तर काय होईल? पाणी काढलेल्या कोरड्या तुकड्यांतही जंतू टिकून राहू शकतात. काही कंपन्या जंतू मारण्यासाठी मांसावर प्रचंड दाब देतात. त्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

कच्च्या मांसात साल्मोनेला, लिस्टेरिया यांसारखे जंतू असू शकतात. मांजर त्यांनी आजारी पडेल किंवा पडणारही नाही. पण त्याची ताटली धुणारी आई, ताटलीत हात घालणारं रांगतं बाळ, आणि मनीला मांडीवर घेणारी आजी आजारी पडू शकतात. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवीही कच्च्या मांसातून मांजरात येतो आणि त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो. बाळ होणार असलेल्या बाईला आणि तिच्या पोटातल्या बाळाला तो घातक ठरू शकतो. या सगळ्या कारणांनी अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ सालीच कच्च्या खाण्याविरुद्ध सल्ला दिला होता.

मग मनीला वाढायचं काय?

आता कामाच्या गोष्टी. हा भाग आई-बाबांना नक्की वाचून दाखवा.

१. सगळ्यांत सोपं म्हणजे मांजरांसाठीचं, शिजवलेलं, तयार खाणं. पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचा. त्यावर 'संपूर्ण आणि संतुलित आहार' या अर्थाचे शब्द हवेत. 'पूरक' किंवा 'खाऊ' असं लिहिलं असेल, तर ते रोजचं जेवण नव्हे. घटकांत टॉरिन आहे का, तेही शोधा. कुत्र्याचं खाणं मांजराला रोज घालू नका, त्यात मांजराला पुरेल इतका टॉरिन नसू शकतो.

२. ज्या घरात मांस शिजत नाही, त्यांनाही हे कोरडे दाणे ठेवता येतात. नुसत्या वरण-भातावर मांजर पाळणं मात्र त्याच्यावर अन्याय आहे. मांजर पाळायचं ठरवण्याआधीच घरात यावर मोकळेपणाने बोला.

३. घरचं चिकन किंवा मासा द्यायचा असेल, तर बिनमिठाचा, बिनमसाल्याचा, उकडून द्या. टॉरिन पाण्यात उतरतो, म्हणून उकडलेलं पाणी फेकू नका, गार करून मांसाबरोबरच द्या. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक असतो, म्हणून आपला रस्सा बंद! शिजलेली हाडं काढून टाका, त्यांचे टोकदार तुकडे घशात किंवा आतड्यात रुतू शकतात. आणि फक्त हेच रोज देऊ नका. ताट अपुरं राहतं, ते वर पाहिलंच.

४. खाणं बदलायचं तर एकदम बदलू नका. सात ते दहा दिवस घ्या. जुन्यात थोडं नवं, मग निम्मं-निम्मं, मग पूर्ण नवं. 'भूक लागली की खाईल' असं म्हणून मांजराला उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही, तर त्याचं यकृत बिघडू शकतं.

५. तरीही मोठ्यांना कच्चं पाकीट आणून बघायचंच असेल, तर आधी पशुवैद्यांना विचारावं. घरात लहान बाळ, गरोदर बाई, खूप म्हातारी किंवा आजारी माणसं असतील, तर नकोच. बर्ड फ्लूची बातमी असेल, तेव्हा तर मुळीच नको. असं पाकीट मुलांनी हाताळू नये. ताटली वेगळी, सुरी वेगळी, आणि नंतर साबणाने हात धुणं आलंच. उरलेलं लगेच फेकायचं, वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

६. मांजराला ताप आला, ते खाईना, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, धाप लागली, तर त्याला कवटाळून बसू नका. मोठ्यांना सांगा आणि त्यांना पशुवैद्यांना कळवू द्या. मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही, आणि तो मनीच्या तोंडी लागू द्यायचा नाही.

मुलांनो, मांजराला स्वतःचं ताट निवडता येत नाही. ते फक्त आपल्या पायांत घुटमळून 'म्याऊ' म्हणतं. त्या 'म्याऊ'चा अर्थ 'मला पोटभर द्या' एवढाच नसतो, 'मला माझं जेवण द्या' असाही असतो. तेव्हा आज संध्याकाळी एक काम करा. वही घ्या आणि तुमचं किंवा शेजारचं मांजर आठवडाभर काय काय खातं, ते लिहून काढा. आठव्या दिवशी ती यादी घेऊन सरळ पशुवैद्यांकडे जा आणि विचारा, "डॉक्टर, आमच्या मनीच्या ताटात काय कमी आहे?"

विचाराल ना?