आजारपणात मनाचीही विचारपूस हवी

उज्जैनच्या चरक भवन किंवा माधवनगर रुग्णालयात कुणी दाखल झाले, की नातेवाईक साखर, रक्तदाब, रिपोर्ट यांची चौकशी करतात. ‘जगणे नकोसे वाटते का?’ हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या १८.४ टक्के नोंदींत ‘आजारपण’ हे कारण आहे. कौटुंबिक समस्यांच्या खालोखाल हेच मोठे कारण ठरते.

गैरसमज : ‘आजाराला कंटाळून’ एवढेच कारण असते.
वस्तुस्थिती : बातमीत एकच कारण छापले जाते, प्रत्यक्षात अनेक गोष्टी साचत जातात. न थांबणाऱ्या वेदना, उडालेली झोप, सुटलेली नोकरी, उपचारांचे कर्ज आणि ‘मी घरावर ओझे झालो’ ही भावना. एनसीआरबीच्या ‘आजारपण’ या वर्गात मानसिक आजारही मोजले जातात. आजारी माणसांपैकी बहुसंख्य लोक या वाटेला जात नाहीत, हेही तितकेच खरे.

गैरसमज : धोका फक्त शेवटच्या टप्प्यात असतो.
वस्तुस्थिती : स्वीडनमधील सुमारे ६० लाख लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोगाचे निदान कळल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका सर्वाधिक होता, पुढे तो कमी होत गेला. म्हणजे निदानानंतरचे पहिले दिवस सोबतीचे असायला हवेत. पाठदुखी, अर्धशिशी, निद्रानाश अशा जिवावर न बेतणाऱ्या दुखण्यांतही धोका वाढू शकतो.

गैरसमज : एवढ्या आजारात माणूस खचणारच, त्यावर इलाज नाही.
वस्तुस्थिती : दुःख होणे स्वाभाविक आहे, पण नैराश्य हा वेगळा आजार आहे आणि मूळ दुखणे कायम असतानाही तो बरा होऊ शकतो. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी मोजक्या भेटींत तीव्र नैराश्य कमी करून दाखवले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१७ मध्ये हे निष्कर्ष छापले. भोपाळ–उज्जैन रेल्वेमार्गावरच्या सीहोर जिल्ह्यातही आरोग्य केंद्रांतून मानसिक उपचार देण्याचे काम झाले आहे. वेदना आणि झोप यांवरचे योग्य उपचार हेही आत्महत्या टाळण्याचेच काम करतात. औषध सुरू झाल्यावर मनःस्थिती बिघडली, तर ते परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

गैरसमज : विचारले, तर नको तो विचार डोक्यात येईल.
वस्तुस्थिती : थेट, मायेने विचारल्याने धोका वाढत नाही, उलट माणसाला मन मोकळे करता येते. ‘आता माझे काही खरे नाही’ अशी भाषा, औषधे टाळणे, अचानक निरवानिरव करणे, ही लक्षणे दिसली तर त्याला एकटे सोडू नका.

गैरसमज : बोभाटा झाला, तर पोलिसांचा ससेमिरा लागेल.
वस्तुस्थिती : मदत मागणे हा गुन्हा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच मानले जाते, आणि तिची काळजी घेणे, तिचे पुनर्वसन करणे ही सरकारची जबाबदारी ठरते.

मध्य प्रदेशातील जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्यासाठी ‘मन कक्ष’ आहेत. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही आणि हिंदीतही. हा नंबर रुग्णाच्या फाइलवर लिहून ठेवा, आणि पुढच्या तपासणीला जाल तेव्हा झोप व मन यांबद्दल डॉक्टरांशी तुम्हीच बोला.